गच्चीवरचा बोरघाट : आमच्या रविवारच्या नोंदी

रविवार, १ जून २०२५

हजर: पाचही. असं पुन्हा कधी होईल सांगता येत नाही, म्हणून आधी तेच लिहून ठेवते.

सकाळी सातला पुणे स्टेशन. डेक्कन क्वीनचा वाढदिवस. १९३० साली १ जूनला सुरू झाली, म्हणजे आज पंच्याण्णव पूर्ण. फलाटावर केक, इंजिनाला हार, पासवाल्यांची झुंबड. गाडी सुटली आणि आम्ही चहा घेऊन थेट आमच्या गच्चीवरच्या खोलीत.

कंपू असा: गार्डसाहेब (मध्य रेल्वेतून निवृत्त, अर्धी नोकरी घाटात गेलेली), मास्तर (शाळेत इतिहास शिकवायचे), डॉक्टर (दातांचे), ज्युनियर (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला) आणि मी. खोली माझी म्हणून वहीही माझ्याकडे. खरी नावं लिहायची नाहीत असं ठरलंय, कारण खर्चाचे आकडे याच वहीत येणार आणि वह्या घरच्यांच्या हाती लागतात.

दोन वर्षं आम्ही टेबलावर लंबगोल रूळ मांडून छोट्या मॉडेल गाड्या फिरवतोय. ज्युनियर म्हणाला, "ताई, हा तेलाचा घाणा झालाय." कुणालाच उत्तर देता आलं नाही. म्हणून ठरलं: यंदा बोरघाटाचं मॉडेल करायचं.

इथपर्यंत एकमत. पुढे तासभर वाद.

मास्तरांना रिव्हर्सिंग स्टेशन हवंय. बोरघाटाची लाइन १८६३ साली सुरू झाली तेव्हा खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराच्या कड्यावर रेल्वेला वळायला जागाच नव्हती. मग इंजिनिअर जेम्स बर्कली यांनी गाडी एका आंधळ्या फाट्यात नेली, थांबवली आणि उलट्या तोंडानं वरच्या रुळावर चढवली. इंग्रजी व्ही अक्षर आडवं ठेवावं तसं. १९२९ च्या सुमारास विजेची इंजिनं आली, नवा मार्ग निघाला आणि ते स्टेशन इतिहासजमा झालं.

गार्डसाहेबांना बँकर हवेत. कर्जतला गाडीच्या शेपटीला लागणारी, ढकलत वर नेणारी इंजिनं. "मी ज्यात नोकरी केली तो घाट करा. तुमचं ते स्टेशन माझ्या वडिलांनीसुद्धा पाहिलेलं नाही."

डॉक्टर मध्येच म्हणाले की नेरळ-माथेरान करू, दोन फुटी गेज आहे, कमी जागेत बसेल. कुणी लक्ष दिलं नाही.

निर्णय: पुढच्या रविवारी.

८ जून

हजर: चार (डॉक्टरांकडे रूट कॅनाल).

निर्णय भिंतीनं दिला. लांब भिंत १४ फूट, कामाची लांबी ४२० सेंमी. फळीची रुंदी ६० सेंमीपेक्षा जास्त नको, नाहीतर दार उघडत नाही. घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. आम्हीही तोच धरायचा, यावर कुणाची तक्रार नव्हती. २९० सेंमी चढलं तर गाडी जेमतेम ७.८ सेंमी वर जाते. एवढ्यात घाट दिसत नाही, रस्त्यावरचा स्पीडब्रेकर दिसतो. आणि गोल वळसा घालून परत यायचं तर आमच्या एचओ मापात (खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग) निदान तीन फूट रुंदी लागते.

पण डाव्या टोकाला १३० सेंमी सपाट स्टेशन ठेवलं, गाडी तिथे उलटवली आणि मागच्या बाजूनं पुन्हा २९० सेंमी चढवली, तर उजव्या टोकाला दोन रुळांत १५.७ सेंमीचा फरक पडतो. म्हणजे घाट दिसतो. बर्कलीसाहेबांची अडचण आणि आमची अडचण एकच निघाली. त्यांच्याकडे डोंगर अरुंद होता, आमच्याकडे खोली.

मास्तर जिंकले. त्यांनी तोंडावर दाखवलं नाही, पण दुसरा चहा मागितला.

गार्डसाहेबांचा आक्षेप नोंदवते, त्यांनी सांगितलंय म्हणून: "रिव्हर्सिंग स्टेशन वाफेच्या जमान्यातलं. आपल्याकडे इंजिनं दोन, दोन्ही डब्ल्यूसीजी-२. ती विजेची, चित्तरंजनला १९७० नंतर बनली. हे म्हणजे शिवाजी महाराजांच्या हाती मोबाइल."

खरं आहे. यावर माझं म्हणणं असं की खोटेपणा आपण कधीच सुरू केलाय. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागलं तर रुळांतलं अंतर १९.२६ मिमी यायला हवं. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिमीचा, म्हणजे युरोप-अमेरिकेचं स्टँडर्ड गेज. आपल्या प्रत्येक डब्याखाली पावणेतीन मिलिमीटरचं असत्य धावतंय आणि आपण ते दोन वर्षं गोड मानून घेतलंय. मग पन्नास वर्षांचं असत्य का चालू नये?

गार्डसाहेब: "पावणेतीन मिलिमीटर कुणाला दिसत नाही. इंजिनाच्या टपावरचा, तारेतून वीज घेणारा पॅन्टोग्राफ दिसतो. आणि वर तार नाही हेही दिसतं."

तारेचं नंतर बघू.

१५ जून

बोहरी आळीतून १२ मिमी प्लाय, स्क्रू, बिजागऱ्या. प्लाय दुकानातच कापून घेतला, १४० बाय ६० चे तीन तुकडे. टेम्पोवाल्यानं विचारलं, "कॅरम बनवताय का?" ज्युनियर हो म्हणाला. समजावण्यापेक्षा सोपं.

चढासाठी खालून आधार, दर २० सेंमीला एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा ५.४ मिमी उंच. गार्डसाहेबांनी गूळ-शेंगदाण्याचा डबा आणला होता. काम कमी झालं.

खर्च: लिहीत नाही.

२२ जून

पालख्यांमुळे रस्ते बंद. भेट नाही.

२९ जून

हजर: पाच. रूळ टाकले. पुढची चढण, स्टेशन, मागची चढण. वरच्या टोकाला गाडी आपोआप थांबावी यासाठी ज्युनियरनं इन्फ्रारेड सेन्सर लावला. तपकीर गल्लीत किरकोळ किमतीत मिळाला.

आज खरं काम वजनाचं. आमच्या थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्यातल्या नमुन्याच्या) डब्याची लांबी साडेचोवीस सेंमी, वजन ९५ ग्रॅम. इतका हलका डबा मागून ढकलला तर सांध्यावर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथे) उचलला जातो. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचं यासाठी एक प्रमाण आहे: एचओ डब्याला एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आमच्या डब्याला ते १६५ ग्रॅमच्या आसपास येतं. म्हणून प्रत्येक डब्याच्या पोटात ७० ग्रॅम लोखंडी वॉशर, फेव्हिक्विक लावून. प्लॅस्टिकची चाकं काढून अणकुचीदार आसाची धातूची चाकं घातली. आता फुंकर मारली तरी डबा पळतो. (ही ओळ पुढे आठवणार आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं. – २० जुलैला लिहिलं.)

मग इंजिनाची ओढ मोजली. इंजिनाला दोरा, दोरा कप्पीवरून खाली, टोकाला वजन, वजन माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर. इंजिन ओढायला लागलं की काट्यावरचा आकडा जेवढा उतरेल तेवढी ओढ. ३९० ग्रॅमच्या इंजिनाची ओढ सुमारे ७० ग्रॅम आली. तीन डबे चढावर न्यायला, इंजिनाचं स्वतःचं चढणं धरून, लागते साधारण ३३ ग्रॅम.

म्हणजे एकच इंजिन आरामात पुरतं. बँकरची गरजच नाही.

खोलीत थोडी शांतता पसरली. गार्डसाहेब गॅलरीत जाऊन उभे राहिले. ज्युनियरनं हळूच विचारलं की डबे जास्त जड करायचे का. मी नको म्हटलं. खोटं बोलायलाही काही मर्यादा.

६ जुलै, आषाढी एकादशी

साबुदाण्याची खिचडी. आणि माझी चूक.

गाडी म्हणजे तीन डबे आणि दोन टोकांना दोन इंजिनं (गार्डसाहेबांच्या समाधानासाठी दुसरं धरलंच होतं): ११७.५ सेंमी. स्टेशन १३० सेंमी. बसते, असं मी ८ जूनला धरून मोकळी झाले होते. पण दोन चढणी जिथे एकत्र येतात तो सांधा याच १३० मध्ये आहे आणि तो एकटा २१ सेंमी खातो. उरले १०९. गाडी आत गेली की शेपूट सांध्यावरच राहतं. सांधा बदलता येत नाही, गाडी परत फिरत नाही. आख्ख्या घाटाचा श्वास तिथे अडकला.

सांधा धरायचाच राहिला. माझ्या व्यवसायात नकाशे काढणं हेच काम आहे, हे इथे मुद्दाम लिहीत नाही.

पर्याय: एक डबा कमी (मास्तर तयार, गार्डसाहेब "दोन डब्यांची गाडी म्हणजे काय, लग्नाची वरात?"). चढ वाढवणं (एकमतानं नामंजूर). भिंत फोडणं (माझा नवरा).

डॉक्टरांनी उठून खिडकी उघडली. डाव्या टोकाला खिडकी आहे, हे आम्ही महिनाभर बघत होतो. ग्रिलच्या दोन गजांमध्ये चार इंच अंतर. इंजिन त्यातून निघतं. रूळ १५ सेंमी बाहेर काढला, त्यावर इडलीच्या पिठाचा चौकोनी प्लॅस्टिकचा डबा उपडा. पाऊस लागत नाही. आता गाडी उलटताना इंजिनाचं तोंड गच्चीवर डोकावतं.

दातांच्या डॉक्टरांना पोकळी लगेच दिसते, असं मास्तर म्हणाले. तीनदा म्हणाले.

१३ जुलै

खोलीत काम नाही. सकाळच्या गाडीनं कर्जत, दुपारी परत. खर्च स्वतःचा स्वतः.

घाटात पाऊस नुसता कोसळत होता. मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी. दरीच्या बाजूला ढग, मध्येच ढग फाटून एक धबधबा, पुन्हा ढग. मास्तर प्रत्येक बोगद्याला काही ना काही सांगत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची बायको अ‍ॅलिस हिनं कंत्राट हाती घेऊन काम तडीस नेलं. घाटात एकेकाळी चाळीस हजारांवर माणसं खपत होती. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही, एवढं बोलून मास्तर गप्प बसले आणि मग बोगद्यांना काही सांगेनासे झाले.

उतरताना गाडी मध्येच थांबली. बाहेर स्टेशन नाही, माणूस नाही. गार्डसाहेबांनी बोट दाखवलं. "कॅच सायडिंग." उतारावरचा सांधा एरवी आंधळ्या फाट्याकडेच लावलेला असतो. तो फाटा पुढे चढत जाऊन संपतो. गाडी ठरल्या जागी पूर्ण थांबली, म्हणजे ब्रेक धरतायत हे दिसलं, की मगच तिला पुढचा रस्ता मिळतो. न थांबता आली तर ती फाट्यात जाते आणि चढावर दमून थांबते. "विश्वास ठेवायचा नाही, थांबवून बघायचं. ही आपली घाटातली पद्धत."

कर्जतला वडापाव. परतीच्या गाडीला मागून बँकर लागले तेव्हा आम्ही मुद्दाम शेवटच्या डब्यात होतो. लागताना धक्का अगदी मामुली, आजीनं पाठीवर हात ठेवावा इतका. पण चढ सुरू झाल्यावर आवाज मागून येतो, पुढून नाही. हे मला माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं पुढच्या डब्यांत बसत आले.

एरवी घाटातल्या विजेच्या इंजिनांत मला सगळ्यात जुनं आवडतं, डब्ल्यूसीजी-१, ज्याला रेल्वेतली माणसं खेकडा म्हणायची. उभं असताना ते कण्हायचं म्हणे. एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. गार्डसाहेबांनी ते चालतं पाहिलंय. त्यांनी कण्हून दाखवलं. डब्यातल्या लहान मुलीनं आईचा पदर धरला.

२० जुलै

अपघात.

एकच इंजिन पुढे, तीन डबे, खालची चढण. हिशेबाप्रमाणे सगळं व्यवस्थित. गाडी स्टेशनपासून हातभर अंतरावर असताना पहिल्या डब्याचा हुक निसटला. इंजिन पुढे निघून गेलं. डबे क्षणभर थबकले आणि मग निवांत मागे घरंगळायला लागले. सुरुवातीला इतके सावकाश की ज्युनियर हसला. धातूची चाकं, पोटात वॉशर. शेवटच्या मीटरभरात हसू थांबलं. तिन्ही डबे फळीच्या टोकावरून थेट फरशीवर.

दोन डबे दुरुस्त होतील. तिसरा मास्तरांचा, पुठ्ठ्याचा, हातानं केलेला. खिडक्यांच्या गजांना त्यांनी शिवणाचा दोरा लावला होता. त्याचं छत एकीकडे, चौकट एकीकडे. मास्तर म्हणाले, "असू दे." मग पुन्हा म्हणाले, "असू दे." वॉशर मात्र कपाटाखालून अजून निघतायत.

गार्डसाहेब काही बोलले नाहीत. जाताना त्यांनी वही मागून घेतली आणि पेन्सिलीनं लिहिलं, तसंच ठेवते:

*बँकर फक्त जोर लावायला नसतो. हुक तुटला तर मागे कोणीतरी असावं म्हणून असतो. शिवाय मागून ढकललं की पुढच्या हुकावरचा ताण कमी होतो. काट्यावर हे दिसत नाही.*

२७ जुलै

आता बँकरवर वाद नाही.

आमची सगळी व्यवस्था डीसीसीवर (डिजिटल कमांड कंट्रोल) आहे. रुळात सतत वीज आणि प्रत्येक इंजिनाला त्याच्या नंबरानं हुकूम. ज्युनियरनं आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डावर मोफत मिळणारी डीसीसी-ईएक्स ही प्रणाली चढवली आहे. महाग पडतात ते इंजिनातले, हुकूम वाचणारे डिकोडर. ते परदेशातून येतात आणि कस्टममध्ये मुक्काम करतात.

दोन इंजिनं एका गाडीला लावायची तर दोन्हीचा वेग जुळला पाहिजे. डिकोडरमध्ये सीव्ही २, ५ आणि ६ अशा तीन जागा असतात: निघतानाचा, सर्वांत जास्त आणि मधला वेग. दीड तास तेच. बँकर किंचित हळू ठेवला तर गाडी ताणली जाते. किंचित जलद ठेवला तर मधला डबा सांध्यावर पाय उचलतो. शेवटी बँकर केसभर जलद ठेवला. खऱ्या घाटाचंही असंच असावं असं वाटतं, कारण ढकलणाऱ्यानं ढकललं पाहिजे.

मग जोडीचा नंबर सीव्ही १९ मध्ये. मागचं इंजिन उलट्या तोंडाचं असेल तर त्या आकड्यात १२८ मिळवायचे असतात. ज्युनियर विसरला. कळ दाबली, पुढचं इंजिन पुढे, मागचं मागे, मध्ये तीन डबे. थरथरली, पण गाडी जागची हलली नाही. मास्तर म्हणाले, "हे आमच्या स्टाफरूमसारखं झालं."

१२८ मिळवल्यावर गाडी शहाण्यासारखी चढली. रिव्हर्सिंग स्टेशनात शिरली, पुढच्या इंजिनाचं तोंड खिडकीबाहेर, थांबली. आणि तेव्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं: आता इंजिन सोडून वळसा घालून दुसऱ्या टोकाला जोडायची गरजच नाही. बँकर आधीच तिथे आहे. सांधा बदलला, की जो ढकलत होता तो ओढायला लागतो आणि जो ओढत होता तो बँकर होतो.

मास्तरांच्या स्टेशनात गार्डसाहेबांचा बँकर असा बसला, जसा कुणी मुद्दाम बसवला असता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

३ ऑगस्ट

सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात गाठलं. यंदा गणपतीला देखावा काय करायचा ठरत नाहीये, तुमची ती आगगाडी खाली आणता का? मी विचारून सांगते म्हणाले. वर जाऊन सांगितलं तर चौघांनी एका आवाजात हो.

गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला. चोवीस दिवस. घाटात अजून एक दगड नाही.

कामं वाटली. डॉक्टर: डोंगर. मास्तर: पूल, मोरी, पाट्या, तुटलेला डबा. ज्युनियर: वायरिंग. मी: खडी. गार्डसाहेब: कॅच सायडिंग. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, विचारलं नव्हतं.

१० ऑगस्ट

डॉक्टरांनी दवाखान्यातलं डेंटल प्लास्टर आणलं. थर्मोकोलवर जाळी, जाळीवर प्लास्टर, आणि ओलं असतानाच दातांच्या हत्यारांनी कोरीव काम. बेसाल्टचे आडवे थर आणि उभ्या भेगा इतक्या हुबेहूब की माझ्याकडे पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट आहे हे आठवून दाढ दुखली.

खडीसाठी बांधकामावरची कच तीन चाळण्यांतून चाळली. रुळावर पसरून, पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल आणि भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब, सिरिंजनं. तो थेंब नसेल तर डिंक वरच गोळा होतो आणि खडी तरंगते. झाडं: वाळलेल्या घोसाळ्याची जाळी फाडून, हिरव्या रंगात बुडवून.

वाईट बातमी: पावसाळी हवेनं मधली फळी फुगली. दोन फळ्यांच्या सांध्यावर रूळ मिलिमीटरभर वर. मास्तर म्हणाले, खऱ्या घाटातला एक मोठा दगडी पूल लाइन सुरू झाल्यावर चार वर्षांत, १८६७ च्या पावसाळ्यात कोसळला होता. सांत्वन म्हणून ठीक. रंधा मारला.

१७ ऑगस्ट

कॅच सायडिंग तयार. खालच्या टोकाजवळ सांधा, त्याला स्प्रिंग. चढणारी गाडी चाकानंच सांधा ढकलून निघून जाते. उतरणारी मात्र, हातानं सांधा फिरवला नाही तर, थेट फाट्यात. फाटा ४० सेंमी, चढता, शेवटी रुळांमध्ये काहीतरी भुसभुशीत हवं. आधी रवा घातला. अर्ध्या तासात मुंग्या. मग मोहरी. मोहरीत चाकं रुततात आणि गाडी टुक करून थांबते. मुद्दाम चार डबे सोडून पाहिले. चारही थांबले. गार्डसाहेबांनी पाचवा सोडला, गंमत म्हणून.

२१ ऑगस्ट (गुरुवार, जादा भेट)

घाट हिरवा दिसत नाही. पुण्यात किल्ला करून वाढलेल्या माणसांना यावर एकच उपाय माहीत: अळीव. डोंगराच्या उतारावर मातीचा पातळ थर, त्यावर अळीव, सकाळ-संध्याकाळ फवारा. ज्युनियर: "काकू, खाली वायरिंग आहे." (ताई म्हण म्हणून दोन वर्षं सांगतेय. घाबरला की काकू म्हणतो.) रुळावर प्लॅस्टिक पसरून पाणी मारायचं ठरलं.

२४ ऑगस्ट

तिन्ही फळ्या खाली पार्किंगमध्ये. जिन्याच्या वळणावर मधली फळी उभी करावी लागली. एक बोगदा निखळला, डॉक्टरांनी तिथल्या तिथे भरला. खाली खिडकी नाही, त्यामुळे इडलीच्या पिठाचा डबा टेबलाच्या कडेबाहेर लटकवला. त्यावर मास्तरांनी पाटी लावली: "येथे गाडी उलटते. कृपया झाकण उघडू नये."

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

प्राणप्रतिष्ठा झाली, आरती झाली, पहिली गाडी संध्याकाळी सातला. अळीव दोन बोटं वाढलंय. खऱ्या मापानं ते गवत एक मजली घराएवढं आहे. एकानंही तक्रार केली नाही.

३१ ऑगस्ट

पाच दिवसांचा हिशेब, गार्डसाहेबांच्या रजिस्टरवरून: चढलेल्या गाड्या १४२. रुळावरून घसरणं ९. गाडी कॅच सायडिंगमध्ये जाणं २३.

त्या २३ पैकी सुटलेले डबे: शून्य. सगळ्या धडधाकट गाड्या होत्या. उतरताना थांबवून हातानं सांधा फिरवायचा असतो, हे आम्ही पाचही जण आळीपाळीनं विसरलो. मुलांना मात्र हाच भाग सगळ्यात आवडला. गाडी मोहरीत घुसली की टाळ्या. तिसऱ्या दिवसापासून ती "मोहरीवाली ट्रेन" झाली आणि रिव्हर्सिंग स्टेशनकडे कुणी ढुंकूनही पाहिना. मास्तर प्रत्येक खेळाआधी दीड मिनिट १८६३ सांगायचे. मुलं तेवढा वेळ सांध्याकडे डोळे लावून उभी.

बी विंगमधल्या आजींनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कर्जतचा वडेवाला कुठाय?" नव्हता. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी प्लास्टरचा करून आणला, दोन सेंमीचा, डोक्यावर पाटी. आजींनी चष्मा वर करून बघितलं आणि पाटीत वडे मोजले.

तारेबद्दल एकूण चार जणांनी विचारलं. चौघेही रेल्वेत नोकरी केलेले.

७ सप्टेंबर

काल विसर्जन. आज आवराआवर, हजर तीन. अळीव पिवळं पडलंय, उपटून काढलं. मोहरी काढायला गेले तर फाट्याच्या टोकाला रुळांच्या मधोमध हिरवे कोंब. रोजच्या फवाऱ्याचं पाणी तिथे झिरपत होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. गार्डसाहेबांना फोन केला. म्हणाले, "काढू नका, मी येतो."

आले, पाहिलं, रजिस्टरमध्ये लिहिलं: *कॅच सायडिंग, पीक उभे, वाहतूक बंद.*

१४ सप्टेंबर

फळ्या पुन्हा वर. रूळ जुळवले, खिडकीबाहेरचा डबा बसवायला गेले तर आत पाल. मास्तर तिला हाकलायला तयार नाहीत. आजचा दिवस गाडी उलटली नाही.

बाकी: मधल्या फळीला खालून लोखंडी पट्टी. ज्युनियरच्या परीक्षा ऑक्टोबरमध्ये, तोपर्यंत त्याला फोन करायचा नाही. डॉक्टरांनी पुन्हा माथेरानचा विषय काढला, या वेळी दोघांनी ऐकून घेतलं.

मास्तरांनी पिशवीतून ०.४ मिमीच्या पितळी तारेचं भेंडोळं काढून टेबलावर ठेवलं. "खांब कुठे कुठे येतात तेवढं मला कागदावर काढून द्या," गार्डसाहेबांना म्हणाले. गार्डसाहेब पेन्सिल शोधायला लागले. ती माझ्याकडे होती.